पाठ असलेली उत्तरं

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, गृहपाठ तपासते. समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच कणव येते. बिचारी, या वयात शिकवण्या घेते! खरं तर मी एकही वही तपासत नाही, यंत्राला तपासायला शिकवते. ऑनलाइन कोर्स करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना कॅल्क्युलसची गणितं घालायची, त्यांनी स्क्रीनवर उत्तर टाइप केलं की ते बरोबर की चूक हे यंत्रानं तिथल्या तिथे सांगायचं, आणि चूक असेल तर दोन शब्द समजुतीचे. ते समजुतीचे शब्दही मीच लिहिते. पूर्वी नाशिकच्याच एका कॉलेजात वर्गात उभी राहून हेच करत होते. प्रवेश आटले तसा कंत्राटी मास्तरांना नारळ मिळाला, त्यात मीही होते. आता घरात जेवणाच्या टेबलावर बसून करते. फरक एवढाच, की यंत्र शेवटच्या बाकावरून शिट्टी मारत नाही.

गणित घालणं सोपं. बरोबर उत्तर ओळखणं महाकर्मकठीण. एकच उत्तर मुलं छप्पन तऱ्हांनी लिहितात. एक लिहितो साइन एक्स गुणिले कॉस एक्स, दुसरा लिहितो साइन टू एक्स भागिले दोन. दोन्ही एकच आहेत हे माणसाला दिसतं, यंत्राला दिसत नाही. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, दोन्हीकडे एक्सच्या जागी चार आकडे घालून बघ, किंमत सारखी आली तर सोड त्याला. गणितातले आकडेही त्यालाच निवडायला सांगतो आम्ही, म्हणजे प्रत्येक मुलाला, आणि पुन्हा सोडवायला घेतलं तर पुन्हा, तेच गणित पण वेगळ्या आकड्यांचं मिळतं आणि शेजारच्याचं उतरवून काही उपयोग होत नाही. पण त्याला मोकळं सोडलं की ते नेमकं शून्य उचलतं आणि कुणाच्या तरी भागाकाराखाली नेऊन ठेवतं. मग मुलं मला शिव्या घालतात, यंत्राला कोण घालणार! म्हणून मी त्याला शहाण्या आकड्यांचं कुंपण घालून देते. एवढ्या आत खेळ म्हणते.

गेल्या वर्षी जो कोर्स माझ्याकडे आला तो एम-थ्रीचा होता. एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगमधला गणिताचा तिसरा पेपर. नाशिकच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून जरा मोठ्यानं ‘एम-थ्री’ म्हणा, एखादी खिडकी धाडकन बंद होईल. बाकी सगळे विषय सुटलेले आणि हा एकच अडकलेला, अशी माणसं या गावात कमी नाहीत. त्यातल्या अगदी जुन्या लोकांसाठी हा कोर्स होता. त्यांचा अभ्यासक्रम बंद होणार होता, आणि जाता जाता त्यांना परीक्षेची शेवटची संधी मिळाली होती. अट एकच. ऑनलाइन गृहपाठात पास होण्यापुरते गुण पडले पाहिजेत, नाहीतर हॉल तिकीट नाही. आणि हॉल तिकीट नाही म्हणजे विषय संपला, कायमचा.

गणितं मी कुठून आणली? जुन्या प्रश्नपत्रिकांतून. तिथे वर्षानुवर्षं तीच गणितं फिरत असतात. पेपर काढणाऱ्याला आळस, शिकवणाऱ्याला त्याहून आळस, आणि क्लासवाले तर ‘हे येतंच, डोळे झाकून करा’ म्हणून त्यावर फी घेतात. मी गणितं तीच ठेवली, फक्त आकडे काढून टाकले. जिथे दोन होता तिथे ए, जिथे वजा एक होता तिथे बी, आणि पुढे काय घालायचं ते यंत्रावर. कोर्स चालवणाऱ्या साहेबांना ते फार आवडलं. साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत आणि पुण्यातून व्हिडिओवर बोलतात. त्यांचं म्हणणं एकच असायचं, की लाल अक्षरात ‘चूक’ लिहू नका, विद्यार्थ्याचं मन मोडतं. म्हणून मी ‘पुन्हा एकदा बघू या’ असं लिहिलं. लाल रंग मात्र राहू दिला.

कोर्स सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. एका शनिवारी सकाळी दाजी आले, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. अंबडला एका कंपनीत ते प्रॉडक्शन बघतात आणि शनिवारी त्यांना सुट्टी असते. पण सुट्टीला ते एकटे कधी येत नाहीत, ताई बरोबर असते आणि तीच बोलते. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं, पंख्याचा आवाज येतोय म्हणाले, मग माझ्या गॅलरीतली तुळस सुकलीय असंही सांगून झालं. एरवी आले की पहिल्याच वाक्यात माझी टर उडवणारा माणूस. मला ‘मॅडम’ म्हणतात, आणि त्या ‘मॅडम’मध्ये निम्मी चेष्टा असते. त्या दिवशी चेष्टा नव्हती. तो एम-थ्रीचा कोर्स तुम्हीच करता ना, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, कंपनीतल्या कुणा ट्रेनीची शिफारस आणलीय. मी लगेच नाक वर करून सांगितलं, की मी कुणाचे गुण वाढवत नाही, वशिला चालणार नाही.

“दुसऱ्या कुणाचं नाही मॅडम,” दाजी म्हणाले, “त्यात मीच आहे.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा राग आला, चांगलाच. ताईच्या लग्नपत्रिकेवर दाजींच्या नावापुढे ‘बी. ई. मेकॅनिकल’ छापलं होतं. वडिलांनी ती पत्रिका हातात घेऊन त्या अक्षरांवरून अंगठा फिरवलेला मी पाहिला होता. त्यांच्या सगळ्या जावयांत, पुतण्यांत हा पहिला इंजिनिअर. सोसायटीत ते इंजिनिअरसाहेब, सटाण्याला त्यांच्या गावी इंजिनिअरसाहेब, आणि ताई तर भाजीवाल्यापाशीसुद्धा ‘आमचे हे इंजिनिअर’ असं कारण नसताना घुसवते.

दाजींनी सगळं सांगितलं, आणि खाली बघून सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा एवढा एकच पेपर राहिला होता आणि तो दिला होता. निकाल यायचा होता. लग्नापर्यंत येईलच म्हणून पत्रिकेवर छापलं. निकाल आला तेव्हा हळद लागलेली होती, आणि पेपर गेलेला होता. त्या दिवशी कुणीतरी मांडवात विचारलं, काय मग, झाला ना पास? त्यांनी मान हलवली. पुढच्या वेळी सुटेलच, मग कुणाला कळणार! पुढच्या वेळीही गेला, त्याच्या पुढच्या वेळीही. ये रे माझ्या मागल्या. एकदा हलवलेली मान पुन्हा सरळ करायला काही निमित्तच सापडलं नाही. कंपनीशी ते खोटं बोललेले नव्हते. कामाला लागताना कागदावर ‘निकाल बाकी’ असंच लिहिलं होतं, पण नंतर कुणी विचारलं नाही आणि काम चांगलं म्हणून ते वर चढत गेले. आता कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी सगळ्यांकडून पदवीची प्रमाणपत्रं मागवली होती. ज्यांची येणार नाहीत त्यांना खालच्या जागेवर जायचं, नाहीतर घरी. शेवटची परीक्षा देतोय म्हटल्यावर दाजींना निकालापर्यंत मुदत मिळाली होती.

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” ते म्हणाले. “माझी उघडली तर आत हवा आहे. नोकरीचं बघून घेईन हो, पण तुमच्या ताईला काय तोंड दाखवू? आता कसं व्हई?”

घरची अहिराणी त्यांच्या तोंडात फक्त घाबरले की येते. मी चहा ठेवला. ताईला सांगावं असं क्षणभर मनात आलं. नाही सांगितलं. ते माझं गुपित नव्हतं, आणि ताईचा स्वभाव मला माहीत आहे. तिनं त्यांना दुसऱ्या दिवशी माफ केलं असतं आणि पुढे आयुष्यभर रोज थोडं थोडं ऐकवलं असतं.

मी मदत करते म्हटलं, पण उत्तरं सांगणार नाही. त्यांनी हात जोडले. उत्तरं नकोतच म्हणाले, उत्तरं सगळी येतात मला. मला ते जरा उद्धट वाटलं. इतक्या वेळा नापास झालेल्या माणसानं असं बोलू नये असं आपलं वाटून गेलं.

पहिला गृहपाठ त्यांनी त्याच आठवड्यात केला. कुणी काय टाइप केलं ते मला दिसतं, कारण यंत्र कुठे अडखळतं ते मला बघावंच लागतं. दाजींचा पडदा वरपासून खालपर्यंत लाल. एक गणित बरोबर नाही! मला वाटलं, यंत्रच बिघडलं. कारण विद्यार्थी इतका चुकत नाही. काही न येणाराही अधूनमधून चुकून बरोबर येतो. मी यंत्र तपासलं, ते ठणठणीत होतं. मग दाजींची उत्तरं एकेक करून नीट वाचायला घेतली. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, वजा अकरा छेद तीन.

वजा अकरा छेद तीन! हे उत्तर मी ओळखत होते. माझ्यासारख्या हजारोंनी ते आयुष्यात एकदा तरी लिहिलेलं असतं. एका ठिकाणी उभं राहून अमुक एका दिशेला सरकलं तर एखादी राशी, समजा तापमान, किती वेगानं वाढते किंवा घटते, असं ते गणित. जुन्या पेपरांत तो बिंदू कायम दोन, वजा एक, एक असा असतो आणि उत्तर कायम वजा अकरा छेद तीन. पण यंत्रानं दाजींना तो बिंदू दिला होता एक, दोन, वजा एक. त्याचं उत्तर बावीस छेद तीन. दाजींनी उत्तर बरोबरच लिहिलं होतं, फक्त दुसऱ्या गणिताचं. मग मी बाकीची पाहिली. तीच गत. प्रत्येक चूक ही एखाद्या जुन्या पेपरातल्या गणिताचं अचूक उत्तर होती. इतकी वर्षं तीच गणितं घोकून माणसाला उत्तरं पाठ झाली होती, आणि प्रश्न वाचायची सवय सुटली होती. पहिले तीन शब्द दिसले की हात आपोआप उत्तर लिहायचा.

मला हसू आलं आणि मी हसले. घरात एकटी होते म्हणून बरं. मग वाईटही वाटलं.

पुढच्या शनिवारी मी त्यांना हे दाखवलं तर ते माझ्याकडे आशेनं बघायला लागले. मग तर सोपंच आहे म्हणाले. मॅडम, आकडे मूळचे करून टाका. मी म्हटलं, सगळ्या वर्गाचे? हो, सगळ्यांचंच भलं होईल, दुवा देतील तुम्हाला. आणि खरं सांगायचं तर ते अवघड नव्हतं. कुंपण इतकं आवळायचं की आत एकच आकडा उरेल. साहेबांना पत्ता लागला नसता. मी ती फाइल उघडलीही.

पण मला एक गोष्ट समजत नव्हती. विद्यापीठाच्या परीक्षेत तर मूळचेच आकडे येतात. दाजींना उत्तरं पाठ. मग हा माणूस नापास कसा झाला, आणि तोही पुन्हा पुन्हा? मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि जुनं गणित मूळच्या आकड्यांसकट दिलं. त्यांनी सुरुवातीची ओळ झोकात लिहिली. शेवटी उत्तर लिहून त्याला चौकट केली. मध्ये मात्र काहीबाही रेटलं होतं. एका ओळीतून दुसरी निघत नव्हती, नुसत्या एकाखाली एक उभ्या होत्या. इथेच घोडं पेंड खात होतं. परीक्षेला गुण मधल्या ओळींना असतात. तपासणाऱ्यानं दर वेळी शेवटच्या उत्तराकडे बघून मग वर बघितलं असेल आणि कपाळाला हात लावला असेल.

मी फाइल बंद केली. दाजींना सांगितलं, की आकडे मूळचे केले तर गृहपाठ सुटेल, हॉल तिकीट मिळेल, आणि परीक्षेत पुन्हा तेच होईल. त्यांना राग आला. तो त्यांनी दाखवला नाही, पण त्या दिवशी चहा अर्धा ठेवून गेले.

तरी आले पुढच्या शनिवारी. जातात कुठे!

मी ठरवलं होतं, की आधी यांना प्रश्न वाचायला लावायचा. मोठ्यानं. पडद्यावर लिहिलं होतं, बिंदू तीन, एक, दोन. दाजींनी वाचलं, बिंदू दोन, वजा एक, एक. मला वाटलं चेष्टा करतायत. पुन्हा वाचा म्हटलं. पुन्हा तेच! डोळ्यांसमोर तीन लिहिलेलं आणि तोंडातून दोन. तिसऱ्यांदा मी पडद्यावर बोट ठेवलं तेव्हा ते दचकले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चष्म्याचा काही दोष नव्हता.  मला मनातून भीती वाटली, की हे काही सुटणाऱ्यातलं नाही. वर्गात मी ढ मुलं पाहिली, आळशी पाहिली, पण ज्याला सगळं आधीच येतं अशा माणसाला शिकवायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे तर घडा काठोकाठ भरलेला होता.

मध्येच एकदा ताईचा फोन आला. दाजी दर शनिवारी तुझ्याकडे येऊन करतात तरी काय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सिंक तुंबतंय. ती म्हणाली, एवढे शनिवार? मी म्हटलं, जुनं बांधकाम आहे, लवकर सुटत नाही. ती खूश झाली. इंजिनिअर माणूस घरात असला की बरं असतं म्हणाली.

उपाय सुचला तो कामातूनच. माझ्या फाइलीत गणितं अक्षरांतच असतात, आकडे यंत्र नंतर भरतं. म्हटलं, भरूच देऊ नये. बिंदू ए, बी, सी. दिशा पी, क्यू, आर. उत्तरही अक्षरांतच लिहायचं. यंत्राला काही फरक पडत नाही, ते आपलं आतल्या आत चार आकडे घालून पडताळतं. पण दाजींच्या हाताला धरायला काही उरत नाही. सरावाचा संच म्हणून तो मी सगळ्या वर्गालाच दिला. साहेबांनी विचारलं, हा छळ कशासाठी? मी सांगितलं, लोक पाठ करतायत. वर्गातून तक्रारी आल्या. एकानं तर अभिप्रायात लिहिलं, मॅडम, पाया पडतो, आकडे द्या.

दाजींनी तो संच पाहिला आणि म्हणाले, हे गणित मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी म्हटलं, छान. करा आता. त्यांनी विचारलं, सुरुवात कशी करू? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा. मग आम्ही पहिल्या ओळीपासून बसलो. ते फार सावकाश करायचे. एक ओळ लिहायची, माझ्याकडे बघायचं. मी तोंडावर काही दाखवायचे नाही. मग पुढची. कधी कधी मी कावायचे, वर्गातल्यासारखा आवाज चढायचा, आणि ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. या माणसाच्या हाताखाली अंबडला कारखानाभर माणसं आहेत हे मी त्या वेळी साफ विसरायचे. लाल कमी होत गेलं, एकदम नाही. गृहपाठाच्या शेवटच्या दिवशी ते पास होण्याच्या रेघेच्या वर आले, पण इतके थोडे वर, की मी यंत्राकडून बेरीज पुन्हा करून घेतली. हॉल तिकीट आलं.

परीक्षा झाली त्या दिवशी ते परस्पर माझ्याकडे आले. ताईला त्यांनी कंपनीच्या कामानं नगरला जातो असं सांगितलं होतं. कसा गेला म्हणून मी विचारलं नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवली. मी पाहिली. तेच गणित, त्याच जागी, मूळच्याच आकड्यांसकट. दोन, वजा एक, एक.  मला वाटलं, आयतं ताट समोर आलं आणि यांचा हात पुन्हा सवयीनं गेला असणार.

“पाहिलं आणि घाम फुटला,” दाजी म्हणाले. “उत्तर डोळ्यांपुढे नाचत होतं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. पहिल्या ओळीपासून निघालो, तुम्ही बसवायचात तसा. ओळीतून ओळ काढत गेलो. आणि शेवटी मॅडम, तेच आलं. वजा अकरा छेद तीन. इतकी वर्षं लिहितोय मी ते. ते कुठून येतं हे मला आज कळलं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मी उठून चहा ठेवायला गेले, कारण माझेही आले असते. वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्यासमोर बसून कुणी मला असं सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. दाजी फोन करायचे, हवापाण्याचं बोलायचे, ठेवून द्यायचे. कंपनीतून दोनदा विचारणा होऊन गेली होती. मग एका दुपारी त्यांचा मेसेज आला, त्यात एकच शब्द, ‘सुटलो’. मी खुर्चीतच बसून राहिले. नंतर फोन केला. कंपनीत मार्कशीट दाखवून झालं होतं, प्रमाणपत्र आलं की द्यायचं होतं, जागा राहिली होती. अभिनंदन म्हटलं तर हं म्हणाले. आता सांगाल का ताईला, विचारलं.  मागे कंपनीतल्या मशीनची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाले, काय सांगू, की मी आज इंजिनिअर झालो?

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचा आवाज काळजीचा होता. मी काही विसरलेय का गं, असं ती विचारत होती. लग्नाचा वाढदिवस नाही, ह्यांचा नाही, माझा नाही. आणि हे आज पेढे घेऊन आलेत, मोठा पुडा. देवापुढे ठेवले, मला त्यांना वाकून नमस्कारसुद्धा करू दिला नाही, नुसते उभे राहिले. निमित्त विचारलं तर म्हणे, कंपनीची एक परीक्षा होती, पास झालो.

“मी म्हटलं, इंजिनिअर माणसाला कसल्या हो आता परीक्षा!” ताई म्हणाली. “तर देव्हाऱ्याकडे वळले. मी आपली शेजारी द्यायला म्हणून ताटली भरली, तर माझा हात धरला गं. नको म्हणाले, कुणाला वाटू नकोस, घरातच राहू दे. असे पेढे कधी कुणी घरातल्या घरात खातं का?”

मी म्हटलं, माझ्यासाठी काढून ठेव. मी निघालेच.